लाउंजमधलं ताट आणि खानावळीचं गणित

संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एका विमान कंपनीच्या प्रीमियम लाउंजवर, म्हणजे विमानतळावर विमानाची वाट पाहत बसायच्या खास दालनावर, अर्धं पान लेख होता. फोटो पाच. एक सोफ्याचा, एक झुंबराचा, एक शॉवरचा आणि उरलेल्या दोनांत पुन्हा सोफाच. जेवणाबद्दल मात्र दोन ओळी: खाण्यापिण्याची रेलचेल होती, चवही छान होती. अहो, रेलचेल कशाची? वरण होतं की सूप? गरम होतं की कोमट? तेहतीस वर्षं लोकांना जेवू घातलेल्या बाईला असं अर्धवट वाचून झोप येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, मला माहीत आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माझ्या गुडघ्याचं कापा, तर्रीचं कापू नका.

नागपूरच्या धरमपेठेत माझी खानावळ होती, १९८६ ते २०१९. एलआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतले पोट्टे, विद्यापीठातले पोट्टे, बदलीवर आलेले बँकेतले साहेब असे सगळे मेंबर. महिन्याचे पैसे आगाऊ, पोटभर जेवण, गावी गेलं तर खाडा धरायचा, रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री सुट्टी. पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मँचेस्टरला असलेल्या मुलानं हट्टानं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, “पाय लांब करून येशील” म्हणून. मी किंमत विचारली, त्यानं सांगितली नाही. सांगितली असती तर मी गेलेच नसते, हे त्याला ठाऊक होतं.

आता आपल्या सोनेगावच्या विमानतळावरून कतार एअरवेजचं विमान सरळ दोह्याला जातं. रात्री उशिरा घरून निघायचं, झोपेतच चारेक तास उडायचं आणि उतरल्यावर घड्याळ अडीच तास मागं करायचं. नागपूरच्या लाउंजबद्दल मी आज काही लिहीत नाही, कारण व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोरानं मला थेट गेटापाशी नेऊन बसवलं. “आजी, तिथं जाऊन काय करता, इथंच बसा, विमान पहिले दिसते,” म्हणाला. त्याचं बरोबरच होतं.

विमानात टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि त्यावर बॅटरीवर चालणारा एवढासा दिवा ठेवला. तुळशीपाशी ठेवावा तसा. मग चहाचं विचारलं: “करक?” मला कळेना. आला तो आपला कडक चहा, दूध आटवलेला, वेलदोडा घातलेला. आपल्याकडून तिकडं कामाला गेलेल्या माणसांबरोबर कडक चहा आखातात पोचला आणि तिथं ‘करक’ होऊन राहिला. तीस-पस्तीस हजार फुटांवर, अनोळखी पोरीच्या हातून आपलाच चहा प्यायला मिळाला याचं मला फार बरं वाटलं. जेवण त्या मानानं मिळमिळीत होतं, पण विमानाला मी तेवढी सूट देते. आत हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवतात, हवा कोरडी ठाण, नाक सुकतं, जिभेला मिठाची आणि साखरेची चव कमी जाणवते. शिवाय अन्न जमिनीवर शिजवून, थंड करून, वर पुन्हा तापवलेलं. स्वयंपाक्याचा तिथं नाइलाज आहे.

लाउंज मात्र जमिनीवर असतं. तिथं हवा आपलीच, गॅस आपला, पाणी आपलं. त्यामुळे लाउंजमध्ये मिळमिळीत वाढलं तर मी सूट देत नाही.

दोह्याचा हमद विमानतळ २०१४ साली सुरू झाला. मधल्या चौकात एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलेलं आहे, डोक्यातून दिवा निघालेला. स्विस कलाकाराची कृती आहे म्हणतात. लहान मुलं त्याच्यापाशी फोटो काढतात आणि मोठी माणसं मुलांचं निमित्त करून काढतात. त्याच्याच अंगानं सरकत्या जिन्यावरून वर गेलं की ‘अल मुरजान’. मुरजान म्हणजे पोवळं. हे बिझनेस क्लासवाल्यांचं लाउंज, जागा दहा हजार चौरस मीटर. मुलानं फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा काही उमगलं नाही. घरी आल्यावर काटोलच्या दिराला विचारलं. तो म्हणाला, एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर. एवढ्यात वीस बाय वीस फुटांवर संत्र्याची पावणेतीनशे झाडं बसतात. तेव्हा कुठं डोळ्यांपुढं चित्र आलं. मध्ये पाण्याचं मोठं उथळ कुंड, भोवती खुर्च्या, आणि एवढी माणसं असूनही आवाज नाही. एक रेलवे जंक्शनचं वेटिंग रूम अख्खं आत मावेल आणि तरी कुली ओरडला तर ऐकू येणार नाही, अशी शांतता.

माझं पुढचं विमान दुपारचं होतं, म्हणजे हातात भरपूर वेळ. लोक झोपायच्या खोलीत गेले, आंघोळीला गेले. मी जेवणघरात गेले आणि तिथंच बसले. खरं सांगायचं तर पाहायला बसले. परीक्षक म्हणा.

पहिली गोष्ट मी पाहते ती भांड्यांची उंची. बुफेतलं भांडं खोल असलं की समजायचं, हे सकाळी एकदाच भरणार आणि संपेपर्यंत हलणार नाही. तिथं भांडी उथळ होती. चार-पाच माणसं वाढून घेऊन गेली की मुलगा ते उचलून नवं ठेवायचा. आतलं संपलेलं नसायचं तरी. दुसरी गोष्ट ताटल्या. मी बोट लावून पाहिलं, कोमट होत्या. गार ताटलीत गरम भाजी वाढली की दोन घासांत भाजी गार होते, हे सांगणारं कोणी तरी त्या स्वयंपाकघरात आहे. तिसरी गोष्ट झाकणं. ज्याची वाफ गेली की चव जाते त्यावर झाकण, ज्याची वाफ कोंडली की लगदा होतो त्यावर नाही. तळलेल्या पदार्थावर झाकण ठेवलेलं दिसलं की मी ते लाउंज असो की लग्नाचा हॉल, तिथून पुढं सरकते.

आणि खायला काय? त्यांचं त्यांचं. हुमुस, दह्याचं घट्ट लबनेह, खजूर, ऑलिव्ह, चपटी रोटी, आणि ‘फूल’ नावाचा एक प्रकार. नाव ऐकून मी हसले. बाकल्याच्या शेंगांचे दाणे मऊ शिजवून त्यात जिरं, लसूण, लिंबू आणि वरून ऑलिव्हचं तेल. आपल्या वालाच्या उसळीची चुलत बहीण. ती सकाळी न्याहारीला खातात. शेजारी अंडी समोर करून देणारा मुलगा होता, नेपाळचा. त्याला मी म्हटलं, बेटा, कांदा जरा करपू दे. त्यानं करपू दिला. तिसऱ्या वेळी मी गेले तेव्हा त्यानंच विचारलं, “अम्मा, आप होटल में थीं क्या?” इंग्रजी न्याहारी होती, केक-बिस्किटं होती, एका कोपऱ्यात पोहे-उपम्यासारखंही काही होतं. पण दर्शनी जागा मात्र त्यांच्या घरच्या पदार्थांना दिलेली होती. पाहुणा जगातून कुठूनही येवो, आधी आमचं खा, मग तुमचं.

नावं ठेवायला काहीच नव्हतं असं नाही. कॉफी यंत्राची होती. सॅलडमधल्या काकडीला पाणी सुटलं होतं. बसायच्या जागेपासून जेवणघर लांब, जिना वर, आणि माझ्यासारखीला लिफ्ट शोधायला दोन माणसांना विचारावं लागलं. अडीच एकरांचा हा तोटा आहे. तरी दहापैकी आठ गुण मी आनंदानं देते. माझ्या वहीत आठ म्हणजे पुष्कळ.

आता दुसरं लाउंज. दोन महिन्यांनी परत आल्यावर भाचीच्या लग्नाला आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात जाणं झालं. शहराचं नाव लिहीत नाही, विमान कंपनीचं तर नाहीच. दोघांनाही माझ्या पत्रानं काही फरक पडायचा नाही, आणि तिथल्या काउंटरवरच्या पोरीची नोकरी मात्र जायची. परतीचं विमान साडेतीन तास उशिरा. बाहेर खुर्ची मिळेना, आणि समोर पाटी: प्रीमियम लाउंज. दारात चाळीसेक माणसांची रांग. राजेशाही थाटात जायला रांग लावलेली मी रेशनच्या दुकानानंतर तिथंच पाहिली.

मुलाच्या आग्रहानं घेतलेलं क्रेडिट कार्ड मी पुढं केलं. मुलीनं मशीनवर घासलं. “मॅडम, गेल्या तिमाहीत तुमचा खर्च पुरेसा नाही.” म्हणजे काय, मी विचारलं. म्हणजे बँकेनं ठरवलेल्या रकमेइतकी खरेदी मी तीन महिन्यांत केली नाही, म्हणून आत जेवायचा हक्क नाही. आयुष्यभर काटकसर केल्याचं असं प्रमाणपत्र मला पहिल्यांदाच मिळालं. मग पर्समध्ये रुपे डेबिट कार्ड सापडलं. ते चाललं. दोन रुपये कापले गेल्याचा मेसेज आला. मागचे एक गृहस्थ म्हणाले, “दोन रुपयांत जेवण, मजा आहे.”

इथं मला खानावळवाली म्हणून बोललं पाहिजे. दोन रुपये हे कार्ड खरं आहे की नाही ते तपासायचे. जेवणाचे पैसे बँक देते, माणशी ठरलेले, लाउंज चालवणाऱ्याला. बँक ते तुमच्या-माझ्या वार्षिक फीमधून आणि क्रेडिट कार्डावर दुकानदाराकडून घेतलेल्या टक्क्यांतून काढते. फुकट काही नसतं. म्हणजे लाउंज म्हणजे शेवटी माझीच खानावळ झाली: माणशी पैसे ठरलेले, खाणं अनलिमिटेड. अशा धंद्यात मालकाच्या हातात काय उरतं ते मी सांगते, कारण मीही ते केलं आहे. भात आधी वाढायचा. बटाट्याची भाजी हाताशी ठेवायची आणि पनीर असेल त्या दिवशी वाढपी मी स्वतः व्हायचं. ताकाचा जग भरलेला ठेवायचा, पोट भरतं. कोशिंबिरीचा चमचा लहान. महागाई फार वाढली तेव्हा एका महिन्यात मी हे सगळं एकदम केलं, आणि पहिल्या रविवारी एका पोट्ट्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “काकू, आज फीस्ट आहे की उपास?” तो आता कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे, पण मला अजून त्याच वाक्यानं आठवतो.

त्या लाउंजचं काउंटर मी एका नजरेत वाचलं. सुरुवातीला ब्रेड. मग पास्ता. मग जिरा राईस. मग नूडल्स. मग बटाटा. पाहुणा पनीरपाशी पोचेपर्यंत ताटात जागा नाही. पनीरच्या भांड्यात ग्रेव्ही भरपूर आणि पनीर बुडी मारून बसलेलं, झाऱ्यानं शोधावं लागे. बाई गं, मनात म्हटलं, ही तर माझीच विद्या! पण माझ्याकडे मेंबर रोज येत. पोट्टे तोंडावर बोलत. इथं माणूस एकदा येतो, विमानात बसतो आणि निघून जातो. बोलणार कोण आणि कोणाला?

भांडी खोल. उपम्याच्या कडेला खरवड धरलेली, मध्ये पांढरा गोळा. पोह्यांवर झाकण नव्हतं, त्यामुळे वरचा थर कुरमुऱ्यांसारखा वाजत होता. आणि एका भांड्यापुढं पाटी, ‘सांभार वडा’. आम्हा वैदर्भीयांना हे वाचून आशा वाटते, कारण आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कोथिंबिरीच्या सारणाची पुडाची वडी म्हणजे सांभारवडी. झाकण उघडलं तर खाली दक्षिणेचं सांबार आणि त्यात फुगून मरगळलेला मेदूवडा. निराशा झाली ती झालीच, पण वाटी हातात घेतली तर कोमट. हे मात्र चवीचं प्रकरण नाही. खानावळीच्या शेवटच्या वर्षांत मी अन्नसुरक्षेचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर ठेवा, नाहीतर पाच अंशांच्या खाली. मधल्या तापमानात ते तासन् तास राहिलं की जंतूंची पंगत बसते. भांड्याखालच्या पाण्याला वाफ नव्हती. मी तिथल्या मुलाला हळूच सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, तिकडचा प्लग सैल आहे, सकाळी कम्प्लेंट टाकली.” मग चार भांडी हलवून दुसऱ्या बाजूला का नाही ठेवली? त्यानं खांदे उडवले. त्याच्या हातात तेवढंही नसावं. पोरगं दमलेलं होतं.

संत्र्याचा रस म्हणून जे होतं त्याबद्दल नागपूरकर म्हणून मी गप्प बसू शकत नाही. केशरी रंगाचं गोड पाणी. आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. बियांत आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात लिमोनिन नावाचं जे द्रव्य असतं त्याचा कडवटपणा थोड्या वेळानं रसात उतरतो. म्हणून डबाबंद रसाला लोक दुसऱ्या जातीची संत्री वापरतात. नागपुरी संत्र्याचा रस माणूस समोर उभा असताना काढायचा आणि लगेच प्यायचा. हे लाउंजला जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये. सीताबर्डीवरच्या गाडीवाल्याला जमतं. त्याच्याकडे ना झुंबर ना सोफा.

शेवटी मी माझी पिशवी उघडली. मी डब्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणाची फल्लीदाण्याची चटणी आणि दोन दशम्या. पहिली पुरी मोडली तोच काउंटरवरची मुलगी आली. “मॅडम, बाहेरचं खाणं इथं अलाउड नाही.” मी म्हटलं, बेटा, मी तुमच्याकडून ताटली घेतली, त्यातलं खाल्लं गेलं नाही, ते पाहा. तिनं ताटलीकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात, मराठीत, “मावशी, त्या खांबाआड बसून खा. मी पाहिलंच नाही.” तिला मी एक दशमी दिली. तिनं ती टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून खिशात घातली. नऊ तासांची ड्यूटी होती म्हणे, आणि आतलं जेवण ती स्वतः खात नव्हती.

दहापैकी तीन. त्यातला एक गुण या मुलीचा.

एवढं सगळं सांगायचं कारण आपल्या गावाशी आहे. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं मोठं काम व्हायचं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, खर्च सात हजार कोटींच्या घरात. नवं टर्मिनल होईल, त्यात लाउंज होणार हे उघड आहे. नकाशावर कोणीतरी आत्ताच सोफे मांडत असेल. माझं म्हणणं, स्वयंपाकघर आधी मांडा.

आणि नागपूरला पाहुण्याला थांबवून घेण्याची सवय नवी नाही. माझे सासरे टपाल खात्यात आरएमएसला, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी विमानं मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि जो तो आपापल्या वाटेनं परत. त्यांतून थोडे प्रवासीही यायचे. सासरे सांगायचे, थंडीत कलकत्त्याचे बाबू शाली गुंडाळून चहाच्या पेल्याभोवती उभे राहायचे आणि मुंबईवाले विचारायचे, इथं खायला काय मिळतं? देशाचे चार कोपरे रोज रात्री आपल्या गावात चहा प्यायचे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं १९३९ मध्ये पहिलं लाउंज काढलं, ते निमंत्रितांसाठी. आमच्याकडे निमंत्रण लागायचं नाही, थैली आली की माणूस आला.

मुलगा कामानिमित्त फिरतो. तो सांगतो, हाँगकाँगला कॅथे पॅसिफिकच्या लाउंजमध्ये नूडल्सचा बार आहे, वाटीभर नूडल्स समोर करून देतात आणि लोक विमान चुकलं तरी चालेल अशा बेतानं तिथं बसतात. इस्तंबूलला तुर्की कंपनीच्या लाउंजमध्ये पोळी लाटून त्यात सारण भरून तव्यावर भाजून देतात. बंगळुरूच्या लाउंजनं तर शहराचा टेलिफोन कोडच नाव म्हणून लावला आहे, ‘०८०’. मग आपल्या नागपूरच्या ०७१२ नं काय पाप केलं आहे?

सावजी ठेवा असं मी म्हणणार नाही. सावजीचा रस्सा पिऊन माणसाला चार तास खुर्चीत बांधून ठेवणं क्रूरपणा होईल, शेजारच्या सीटवरच्यालाही. पण तर्री-पोहे? बुफेला यापेक्षा सोयीचा पदार्थ मला माहीत नाही. पोहे वाफेवर थोडे थोडे करायचे, झाकण ठेवायचं, वर दुधाचा हलका शिपका मारायचा, कुरमुरे होत नाहीत. तर्री वेगळ्या गंजात, उकळती, काळ्या हरभऱ्याची. ज्याला झेपेल त्यानं ओगराळंभर घ्यावी, ज्याला नाही त्यानं नुसती वरची तवंगाची रेघ. परदेशी पाहुण्यासाठी पाटीवर तीन मिरच्यांचं चित्र काढा, म्हणजे नंतर तक्रार नको. सांभारवडी गार झाली तरी चालते, तिच्याबरोबर कढी गरम हवी. गोळाभात ऑर्डरप्रमाणे: भात आणि डाळीचे गोळे तयार ठेवायचे, वरची लाल मिरचीची तेलाची फोडणी समोर चुरचुरली पाहिजे. त्या वासानंच अर्धी रांग तिकडे वळेल. वडाभात, पातोडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी आठवड्यातून बदलून बदलून. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन बहार निघतात तेव्हा, हातानं पिळलेला रस. बहार नसेल त्या दिवसांत पाटी लावा: आज संत्री नाहीत. खोटा रस ठेवू नका. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकन मिळालेल्या गावात पाकिटातला रस ठेवणं म्हणजे लग्नात नवरीऐवजी तिचा फोटो बोहल्यावर ठेवण्यासारखं आहे.

बाकी पास्ता-नूडल्स काढून टाका असंही नाही. लहान पोरं तेच मागतात. फक्त अठरा पदार्थ मांडून अठराही कोमट, त्यापेक्षा सहा ठेवा. माझ्या खानावळीत एक भाजी, एक उसळ, वरण, भात, पोळी आणि ताक एवढंच असायचं, आणि मेंबर वर्षानुवर्षं टिकायचे. काही तर नोकरी लागल्यावरही आई-वडिलांना घेऊन यायचे, “आमच्या काकूंकडे जेवायला” म्हणून.

पैशाचं म्हणाल तर मी गणित करून पाहिलं आहे. चण्याची तर्री पनीरच्या ग्रेव्हीपेक्षा स्वस्त पडते. पोहे पास्त्यापेक्षा स्वस्त. अठरा भांडी भरून रात्री फेकायची आणि सहा भांडी वारंवार भरायची, यात दुसरं स्वस्त. एक हात मात्र जास्त लागतो, सतत लक्ष ठेवणारा. तिथंच सगळे काटकसर करतात. मीही एकदा केली होती, वर सांगितलंच.

तुमच्या पुरवणीच्या लेखकांना माझा निरोप द्या: पुढच्या वेळी लाउंजवर लिहिताना ताटली हातात धरून ती गरम आहे का ते पाहावं, भांड्याच्या तळाशी काय उरलं आहे ते पाहावं आणि तिथं काम करणारी माणसं काय खातात ते विचारावं. फोटो चार कमी टाकले तरी चालतील.

आणि विमानतळाचं नवं स्वयंपाकघर ज्यांच्याकडे जाईल त्यांना, तुमच्या वर्तमानपत्राच्या मार्फत: तर्री शिकवायला मी येईन. पैसे नकोत. गुडघ्यामुळे गाडी मात्र पाठवावी लागेल, आणि स्वयंपाकघरात बसायला एक साधी लाकडी खुर्ची. सोफा नको, त्यातून मला उठता येत नाही.

आपली,
एक जुनी वाचक (आणि जुन्या मेंबरांची काकू)
धरमपेठ, नागपूर

ता. क. हरभरे आदल्या रात्री भिजवावे लागतात. उद्या या, असं रात्री दहाला फोन करून सांगू नये. दुपारी चारच्या आत सांगावं.